अकरा आणि चारचे वाचक

दत्तात्रेय पोटफोडे यांच्या व्हिजिटिंग कार्डावर पहिल्या ओळीत त्यांचं नाव आणि खालच्या नऊ ओळींत त्यांची थोरवी छापलेली आहे. ‘आंतरतालुका गुप्त अन्वेषक (रोहा, पेण, सुधागड). नजर घारीची, कान सशाचे, बुद्धी स्वतःची. हरवलेली माणसं, जनावरं, कागदपत्रं व मनःशांती शोधून मिळेल. पोलिसांना सवलत.’ हा मजकूर त्यांनी उभ्या उभ्या सांगितला आणि त्यांच्या पुतणीनं, नम्रतानं, टाइप केला. ‘नाक श्वानाचं’ एवढी ओळ तिनं स्वतःच्या जबाबदारीवर गाळली. ती ओळ गेलीय, हे घारीच्या नजरेला आजतागायत कळलेलं नाही.

रोह्याच्या एसटी स्टँडसमोर नम्रताचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्यात लॅमिनेशनचं मशीन आणि पाण्याचा माठ यांच्या मधोमध एक टेबल कसंबसं बसतं आणि त्या टेबलामागे काका बसतात. त्याला ते हेड ऑफिस म्हणतात. नागोठण्याजवळच्या एका कंपनीच्या गेटवर बावीस वर्षं सिक्युरिटीत काढल्यामुळे गुन्हेगारी मनाचा आपला अभ्यास पक्का झाला, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात त्या बावीस वर्षांत त्यांनी कामगारांचे डबे उघडून पाहिले. त्यामुळे डब्यावरून माणूस ओळखणं ही त्यांची शास्त्रीय पद्धत होऊन बसली.

त्यांची सर्वांत गाजलेली केस म्हणजे खांब गावच्या पुतळीबाईंची हरवलेली कोंबडी. काका शेजाऱ्याच्या कुत्र्याची उलटतपासणी घेत होते, तेवढ्यात कोंबडी आपणहून परसात आली. ‘दबाव वाढला की आरोपी शरण येतो,’ असं काकांनी केस डायरीसाठी सांगितलं. नम्रतानं तेही टाइप केलं.

चैत्र संपत आला होता. मंगळवारी दुपारी डॉ. रोहिणी मोकल दुकानात आल्या, तेव्हा पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता. चाळिशीच्या आसपासच्या बाई, खांद्याला पर्स, हातात स्टीलचा डबा. त्यांना एका पत्राच्या तीन झेरॉक्स हव्या होत्या, बाकी काही नाही. पण काकांची नजर डब्यावर पडली होती.

“बसा,” काका म्हणाले. “तुमी शाळेत शिकवता. घरी धुसफूस चाललीय. डब्यात सुकी भाकरी हाय, भाजी तुमी रागानं घरीच ठेवलीत.”

“मी डॉक्टर आहे. मेडिकल कॉलेजात शिकवते. डबा रिकामा आहे, शेजारणीला परत द्यायचाय.”

“शिकवता, हे बरोबर आलं. नमे, लिहून घे.”

झेरॉक्सवाल्यानं गिऱ्हाइकाचा कागद वाचू नये, हा धंद्याचा नियम नम्रता पाळत असे. पण पत्र काचेवर ठेवताना तिला डॉक्टरांचे डोळे भरलेले दिसले आणि तिनं नियम मोडला. पत्र इंग्रजीत होतं, परदेशातल्या एका वैद्यकीय नियतकालिकाचं. तिनं विचारलं, “मॅडम, काय झालंय?”

डॉक्टर खुर्चीत बसल्या. बहुतेक त्यांना कोणीतरी विचारण्याचीच गरज होती.

“आमच्या धंद्यात माणसाची किंमत दोन आकड्यांवर ठरते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही किती शोधनिबंध छापलेत, आणि इतर लोकांनी आपल्या निबंधांत तुमच्या निबंधाचा उल्लेख किती वेळा केला. त्याला सायटेशन म्हणतात.”

“म्हणजे लग्नपत्रिकेत खाली नावं घालतात तसं,” काका म्हणाले. “जितक्या पत्रिकांत आपलं नाव, तितका मान.”

डॉक्टरांनी काकांकडे नीट पाहिलं. “अकरा वर्षांत हे मला इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.”

अकरा वर्षांत त्यांचे निबंध नऊ आणि उल्लेख तेरा. तेरापैकी आठ त्यांचे स्वतःचेच, म्हणजे नव्या निबंधात जुन्याचं नाव घातलेलं. “सोताच्या घरच्या पत्रिकेत आपलं नाव असायचंच,” काका समजुतीच्या सुरात म्हणाले.

खरं दुखणं सातव्या निबंधाचं होतं. डॉक्टरांचे वडील केरू मोकल हे पेणकडच्या गणपतीच्या कारखान्यांतले आखणीचे कारागीर. मूर्तीचे डोळे रेखणं म्हणजे आखणी. दिवसाला दीडशे डोळे, मान वाकवून, मनगट अधांतरी धरून. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचं मनगट गेलं. एके दिवशी एका गणपतीचा डोळा तिरका आला. केरूंनी ब्रश धुऊन ठेवला आणि त्याला आता बारा वर्षं झाली, ते कुठल्याच कारखान्याची पायरी चढले नव्हते. मुलीनं मग कारखान्याकारखान्यांतून हिंडून आखणीवाल्यांची मनगटं तपासली, पाच व्यायाम बसवले, वडिलांच्याच हाताचे पाच फोटो काढले आणि निबंध छापला.

“पाच वर्षांत त्याचा एकही उल्लेख नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तो सेहेचाळीस वेळा उघडला गेला. त्यातले तीसेक वेळा मीच उघडला, कोणी उघडलाय का ते बघायला. आणि आता गेल्या चार महिन्यांत आठ हजार वेळा.”

“अभिनंदन,” काका म्हणाले.

“कसलं अभिनंदन? सगळं एकाच इंटरनेट जोडणीवरून, पेण तालुक्यातल्या. रोज बरोबर अकरा वाजता आणि चार वाजता. नियतकालिकवाल्यांना वाटतंय, आकडा फुगवायला मी माणसं बसवलीत. शुक्रवारपर्यंत पुराव्यासह खुलासा द्यायचा, नाहीतर निबंध मागे घेणार आणि त्यावर ‘संशयास्पद’ असा शिक्का मारणार. शनिवारी माझी बढतीची मुलाखत आहे. ती गेली तर गेली. पण त्या निबंधात बाबांचा हात आहे हो. त्या हातावर असला शिक्का नको.”

काका माठातलं पाणी प्यायले. मोठ्या केसआधी ते नेहमी पाणी पितात. “परदेशी पत्र म्हणजे केस आंतरराष्ट्रीय झाली,” ते म्हणाले. “नमे, कार्ड बदलावं लागेल.”

बुधवारी सकाळी त्यांनी पहिला संशयित पक्का केला. डॉ. मोकल यांच्याच कॉलेजातले डॉ. सुजय, दोनशे बारा निबंध, चार हजार उल्लेख. “दर काही दिवसांनी एक निबंध,” काका एसटीत म्हणाले. “इतके तर कोण गुन्हेपण करत नाय. सहकारी बाई वर येते बघून त्यानं हा कट रचलाय.”

डॉ. सुजय अत्यंत सज्जन निघाले. त्यांनी दोघांना लिंबू सरबत पाजलं. एवढे निबंध कसे होतात, असं नम्रतानं विचारताच त्यांनी खिशातून एक किल्ली काढून दाखवली.

“रक्ताचे नमुने ठेवायचा मोठा फ्रीझर आहे ना, त्याची किल्ली माझ्याकडे असते. ज्याला फ्रीझर लागतो त्याच्या निबंधात माझं नाव येतं. पद्धतच आहे तशी.”

“आणि डॉक्टर मोकलांचा निबंध?”

“मोकल?” डॉ. सुजय आठवू लागले. “आपल्याच कॉलेजात आहेत का? त्यांना फ्रीझर लागत नाही वाटतं.”

बाहेर आल्यावर काकांनी रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाले, “हा निर्दोष हाय. ज्याला सोताचेच निबंध वाचायला फुरसत नाय, तो दुसऱ्याचा आठ हजार वेळा कशाला वाचेल?” वर्षभरातलं काकांचं हे पहिलं शहाणं वाक्य, असं नम्रताला वाटलं. तिनं ते कौतुकानं ऐकून घेतलं आणि तिथंच चुकली, कारण कौतुक झालं की काकांची बुद्धी मोकाट सुटते.

“अकरा आणि चार,” ते परतीच्या एसटीत पुटपुटू लागले. “नमे, भरती-ओहोटी. खाडीत होडी येते, मिठागराच्या आडोशाला माल उतरतो, आणि माल उतरला की खूण म्हणून निबंध उघडायचा. असला निबंध कोण उघडत नाय, म्हणून तोच निवडला. बुद्धिमान टोळी हाय.”

“काका, भरती रोज पाऊण तासानं पुढं सरकते. हे रोज अकरालाच उघडतायत.”

“म्हणजे होडीवाला वक्तशीर हाय,” काका म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

गुरुवारी सकाळी संशयाची सुई डॉक्टरांच्या आईकडे वळली. मुलीच्या कौतुकापायी आईच रात्रंदिवस निबंध उघडत बसली असणार, हा काकांचा तिसरा सिद्धांत. दोघं पेणला मोकलांच्या घरी पोचली. पडवीत केरू मोकल बसले होते, उजवा हात मांडीवर एखादी वस्तू ठेवावी तसा ठेवलेला. अंगठ्याच्या खाली कोयत्याचा जुना वण होता. त्यांनी पाहुण्यांना मान हलवून आत जायला सांगितलं. आत गिरजाबाई पोह्याच्या पापडाचं पीठ मळत होत्या.

“तुमचा मोबाईल दाखवा,” काका करड्या आवाजात म्हणाले.

गिरजाबाईंनी फडताळातून फोन काढून दिला. त्याला बटणं होती आणि त्यातली तीन चालत नव्हती.

“यावर पाच दाबला तर दोन लागतो,” गिरजाबाई म्हणाल्या. “लेकीला लावायला गेली की गॅसवाला उचलतो. त्याचीपण आता वळख झालीय.”

तिसरा सिद्धांत असा पडला. काका फोन उलटा करून बॅटरीमागे काही दडवलंय का ते बघू लागले. तोवर नम्रतानं पिशवीतून त्या पत्राची झेरॉक्स काढली. तिच्या मनात कालपासून एक गोष्ट खुपत होती. पत्राच्या शेवटी चार तारखा दिल्या होत्या. या चार दिवशी निबंध एकदाही उघडला गेला नव्हता, आणि त्यामुळेच त्या परदेशी लोकांचा संशय वाढला होता. तारखा महिन्या-महिन्याच्या अंतरानं होत्या, पण रविवार एकही नव्हता. भिंतीवर कॅलेंडर लटकत होतं. ती उठून त्यापाशी गेली.

“चारी दिवशी अमावास्या आहे,” ती म्हणाली.

काकांच्या अंगावर काटा आला. “अघोरी टोळी,” ते म्हणाले. “अमावास्येला ते स्मशानात असणार. तिकडं नेटवर्क नसतं.”

“कसली टोळी?” गिरजाबाईंनी पिठाचा गोळा उचलून आपटला. “अमोशेला आखणीचा ब्रश कोण धरत नाय. आमचे हे महिन्याचा तेवढा येक दिस घरी असायचे, मंग मोडकी खुर्ची ठोकीत बसायचे. त्या जोह्याच्या आदर्शशेटच्या कारखान्यात तर अमोशेला कुलूपच असतंय.”

नम्रतानं गिरजाबाईंकडे पाहिलं. गिरजाबाईंनी पीठ मळायला घेतलं. केस सुटली होती आणि ती सोडवणाऱ्या बाईला त्याचा पत्ताही नव्हता. काकांना तर त्याहून नव्हता.

“आता समजलं,” काका म्हणाले. “कारखान्यात मनगटं मोडतात, असं डॉक्टरबाईंनी छापलं. म्हणून तो आदर्शशेट सूड घेतोय. चल जोह्याला. पण वेषांतर करून.”

एप्रिलच्या उन्हात, कोट, मफलर आणि काळा गॉगल चढवून, काका पेणहून जोहे गावच्या एसटीत चढले. आपण मॉरिशसचे व्यापारी आहोत आणि पाचशे मूर्तींची ऑर्डर द्यायला आलो आहोत, अशी त्यांची भूमिका होती. मॉरिशसचे लोक हिंदी बोलतात, या समजुतीनं ते कंडक्टरशीही हिंदीत बोलले. कंडक्टरनं त्यांना ज्येष्ठ नागरिकाचं तिकीट दिलं.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. दोन्ही बाजूंना पांढऱ्या मूर्ती, मधल्या पट्ट्यात पोत्यांवर बसलेले चाळीसेक आखणीवाले, बाया आणि पुरुष. सगळ्यांच्या माना वाकलेल्या आणि समोर एकेक बिनडोळ्यांचा गणपती. दारात चहाची किटली घेऊन धोंडुबाई नावाच्या म्हातारबाई उभ्या होत्या.

“हम मॉरिशस से आए हैं,” काका म्हणाले.

धोंडुबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुमी ते खांबच्या कोंबडीवाले ना?”

काकांनी मफलर काढला. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

शेडभर ब्रश खाली ठेवले गेले. चाळीस खिशांतून आणि कनवटींतून चाळीस फोन निघाले आणि समोरच्या उंदराच्या पाठीला टेकवून उभे राहिले. मग चाळीस उजवे हात पुढं आले, मुठी वळल्या, सुटल्या, मनगटं आधी खाली झुकली आणि मग सावकाश वर आली.

“खुणेची भाषा,” काकांनी नम्रताचा दंड धरला. “टोळी चाळीस जणांची हाय. मागं सरक.” ते स्वतःच मागं सरकले आणि नुकत्याच रंगवलेल्या मूर्तीच्या पितांबराला पाठ टेकून उभे राहिले. कोटावर उमटलेला तो पिवळा पट्टा पुढं त्यांनी पुरावा म्हणून जपून ठेवला.

नम्रता सगळ्यात जवळच्या बाईपाशी जाऊन बसली. ती मालू, पंचेचाळिशीची, पंधरा वर्षं आखणीला. तिच्या फोनवर डॉ. मोकलांचा निबंध उघडा होता. पान सहावं. पाच फोटो, एक हात, अंगठ्याच्या खाली वण.

“हे काय करताय?”

“हाताचा व्यायाम करून घेतो,” मालू मनगट फिरवत म्हणाली. “शेटची पोरगी किमया, नर्सिंगला हाय ती. तिनं कुठून तरी काढून ग्रुपवर टाकलं. वरचं विंग्रजी आमी वाचत नाय. सरळ फोटूवर यायचं. अकराला येकदा, चारला येकदा. आदी मला रातीचा हात झिणझिणायचा, झोप नाय लागायची. आता लागते.”

“पण रोज नव्यानं कशाला उघडता? फोनमध्ये ठेवून द्यायचं ना.”

“जागा हाय कुठं गो?” मालूनं फोन पुढं केला. त्यात गणपती होते. लालबागसारखे, दगडूशेठसारखे, बालगणेश, उंदरावरचे, मोरावरचे, तीन हजार सातशे फोटो. “गिऱ्हाइकाला धाडायला लागतात. त्यातला एक पुसला की शेट वरडतो. म्हणून हे कारखान्याच्या वायफायवर उघडायचं न लगेच पुसायचं.”

नम्रताच्या धंद्याचा अभिमान दुखावला. “अहो, एक झेरॉक्स काढून भिंतीला लावायची.”

“लावली होती. प्लास्टरची पावडर बसून तीन दिसांत कोरी झाली.”

नम्रतानं डोळे मिटले. परदेशातल्या विद्वानांना चार महिने झोप लागू न देणारं हे आठ हजारांचं गूढ म्हणजे भरलेले मोबाईल आणि प्लास्टरची पावडर होतं. तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि जे दिसतंय ते सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, “सगळे करतात? पाचही?”

“पाचही, मॅडम. पाचवा जरा घाईत करतात, चहा येतो म्हणून.”

शुक्रवारी दुपारी खुलासा गेला. नम्रतानं काढलेला व्हिडिओ, आदर्शशेटच्या लेटरहेडवर चाळीस सह्या, आणि चार अमावास्यांचं कॅलेंडर. काकांनी ‘भरती-ओहोटी: एक नाकारता न येणारी शक्यता’ असं दोन पानी टिपण जोडायला दिलं होतं. ते नम्रतानं माठाखाली ठेवलं.

संध्याकाळीच उत्तर आलं. खुलासा मान्य, निबंध राहील, शिक्का बसणार नाही. मात्र हे वाचक विद्वान नसल्यामुळे त्यांचं वाचन निबंधाच्या प्रभावात धरता येत नाही, म्हणून आकडा दुरुस्त करून पुन्हा सेहेचाळीसवर आणण्यात येत आहे. शनिवारी मुलाखतीत समितीनं नऊ निबंध आणि तेरा उल्लेख पाहिले आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं. जाता जाता एका सदस्यानं फ्रीझर वापरण्याचा सल्ला दिला. त्यानंतर दोन आठवड्यांत डॉ. सुजय यांचा ‘वाचनसंख्येतील विसंगती’ या विषयावर नवा निबंध आला. त्यात डॉ. मोकलांच्या सातव्या निबंधाचा उल्लेख होता. पाच वर्षांतला पहिला. डॉ. मोकलांच्या उल्लेखांची एकूण बेरीज चौदा झाली.

“लग्नाला नाय बोलावलं, पण पत्रिकेत नाव आलं,” काका म्हणाले. डॉक्टर खूप दिवसांनी मोठ्यानं हसल्या.

त्याच आठवड्यात एका दुपारी त्या वडिलांना जोह्याला घेऊन आल्या. नम्रता आणि काका आधीच पोचले होते. काकांना केस अधिकृतपणे बंद करायची होती. केरू मोकल शेडच्या दारापर्यंत आले आणि पायरीशी थांबले. बारा वर्षांनी रंगाचा वास आला तसा त्यांचा चेहरा बारीक झाला. आतल्यांपैकी कोणालाही माहीत नव्हतं की हा माणूस कोण.

चार वाजले. फोन उंदरांना टेकले, चाळीस हात पुढं आले. मालूची नजर फोनवरून सहज दाराकडे गेली, म्हाताऱ्याच्या चौकटीवर टेकलेल्या हातावर, अंगठ्याच्या खालच्या वणावर. तिनं पुन्हा फोन पाहिला, पुन्हा हात पाहिला. मग ती उठली नाही की ओरडली नाही. पोत्यावर जरा बाजूला सरकली आणि शेजारी जागा करून दिली.

केरू पायरी चढले. पोत्यावर बसले. समोर उंदराच्या पाठीवर त्यांचा स्वतःचा हात मूठ वळून उभा होता. त्यांनी त्याच्याकडे बघत आपली मूठ वळली, सोडली, मनगट सावकाश वर आणलं. डॉक्टर दाराआड जाऊन पदरानं डोळे पुसत होत्या. पाचवा व्यायाम त्या दिवशी कोणी घाईत केला नाही. धोंडुबाई किटली घेऊन तशाच थांबल्या.

काका नम्रताच्या कानाशी वाकले. “सांगतो ते डायरीत लिहून घे,” ते हळूच म्हणाले. “मूळ आरोपी शेवटी जागेवर परत आला.”

नम्रतानं लिहून घेतलं. या खेपेला तिनं एकही शब्द गाळला नाही.